नेसरीची लढाई : फलकावर काय लिहायचं ते अस्सल कागदांवरून ठरवूया

टिळकवाडी_वाचक
नमस्कार मंडळी. वैशाखातल्या शिवजयंतीच्या मिरवणुकीत आमच्या गल्लीचा चित्ररथ यंदा नेसरीवर आहे, म्हणजे सरनोबत (सेनापती) प्रतापराव गुजर विजापूरच्या बहलोलखानाशी लढताना पडले त्या लढाईवर. रथाबरोबर चार फूट बाय तीन फुटांचा माहितीफलक असतो. हाताशी आलेल्या मजकुरात तारीख आहे, सात वीरांची नावं आहेत, महाराजांनी प्रतापरावांना लिहिलेल्या पत्रातली वाक्यं आहेत. सगळं ठाम लिहिलंय, पण कुठून घेतलं ते एका ओळीतही नाही.

विचारायचं हे : यातलं त्या काळच्या कागदांत किती आहे? सुरुवात कुठल्या कागदापासून करावी? मोडी अक्षर जुळवत जुळवत वाचता येतं. कन्नड आणि इंग्रजीची अडचण नाही.

मोडीमित्र
चांगला धागा काढलात. मजकूर खरा की खोटा हे आधी ठरवू नका. प्रत्येक कागदाला पहिल्यांदा चार प्रश्न विचारा : कोणी लिहिला, कधी लिहिला, कुठे बसून लिहिला, आणि त्याला हे कळलं कसं. वहीत आडवे रकाने पाडा आणि मजकूर वाचायच्या आधी हे चार रकाने भरा. मजकूर आधी वाचला तर आवडीचं वाक्य डोक्यात बसतं आणि मग कागद जोखताना हात आखडतो.

नेसरीसाठी तीन साधनं पुढ्यात घ्या.

पहिलं, नारायण शेणवीचं पत्र. हा इंग्रजांचा दुभाष्या. ४ एप्रिल १६७४ चं पत्र, म्हणजे लढाईनंतर ३९ दिवसांनी लिहिलेलं. रायगडाकडच्या बातम्या तो मुंबईला कळवत होता. लढाईत तो नव्हता, पण बातमी ताजी आहे आणि ती फुगवून त्याला काही मिळायचं नव्हतं.

दुसरं, जेधे शकावली. कारीच्या जेधे घराण्यातली ही टिपणं लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली. नोंदी त्रोटक आहेत, एकेका घटनेला एखाद-दुसरी ओळ. तिथीसाठी हिच्याकडे जायचं, लढाईच्या वर्णनासाठी नाही.

तिसरं, सभासदाची बखर. कृष्णाजी अनंत सभासदाने ती जिंजीला राजाराम महाराजांसाठी लिहिली. दरबारातला माणूस, शिवकाळ पाहिलेला, पण लिहितोय साधारण वीस वर्षांनी आणि आठवणीवर.

आता तुमच्या मजकुरातला एकेक तपशील उचला आणि तो या तिघांत सगळ्यात आधी कुठे दिसतो ते लिहा. कशातच दिसला नाही तर रकाना कोरा ठेवा. तो कोरा रकानासुद्धा कामाचा असतो, खोडू नका.

घटप्रभा
मग सात नावांचं काय? लहानपणापासून तोंडपाठ असलेली नावं आहेत ती.

मोडीमित्र
@घटप्रभा, या तिन्हींत सहा साथीदारांची नावं नाहीत. आकडा मात्र आहे, तो शेणवीच्या पत्रात. प्रतापराव आणि आणखी सहा स्वार दोन टेकड्यांमधल्या अरुंद वाटेत मारले गेले, बाकीच्या फौजेची कुमक त्यांना मिळाली नाही, असा त्याचा आशय. एक अधिक सहा, सात. म्हणजे सात ही संख्या गाण्यातून आलेली नाही, ३९ दिवसांच्या आतल्या बातमीत ती आहे. ही फार मोलाची गोष्ट आहे. ती ठळक लिहा.

शहापूरकर_आक्का
वाचूलोय सगळं. चालू ठेवा.

निपाणी_नाका
तारखेवर कुणी बोललं नाही अजून. फलक तिथेच चुकतात.

नेसरीची तिथी माघ वद्य १४, शके १५९५, प्रमादी संवत्सर, महाशिवरात्र. इंग्रजी तारीख २४ फेब्रुवारी १६७४. ही जुन्या, म्हणजे ज्युलियन पद्धतीची. आज भिंतीवर जे कॅलेंडर आहे ते ग्रेगोरियन. सतराव्या शतकात दोन्हींत १० दिवसांचं अंतर होतं, म्हणून आजच्या पद्धतीने ती ६ मार्च १६७४ होते. इंग्रजांनी १७५२ पर्यंत जुनी पद्धत चालवली. गोव्याचे पोर्तुगीज त्याच्या कितीतरी आधीपासून नवी वापरत होते. त्यामुळे एकाच दिवसाची बातमी मुंबईच्या इंग्रजी पत्रात आणि गोव्याच्या पोर्तुगीज कागदात १० दिवसांच्या फरकाने दिसते. लोक म्हणतात कागद एकमेकांना खोटं पाडतात. खरं तर दोन्ही बरोबर असतात, जंत्री (तारखांचा तक्ता) वेगळी.

दुसरा खड्डा : इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू व्हायचं. १ जानेवारी ते २४ मार्च या काळातल्या पत्रावर जुनंच वर्ष पडायचं. आपल्याच बैलहोंगल तालुक्यातल्या बेलवडीच्या वेढ्याचं उदाहरण घ्या. महाराजांना एक देसाईण दाद देत नाही, ही बातमी देणारं राजापूरच्या इंग्रज वखारीचं पत्र २८ फेब्रुवारी १६७८ चं. त्या काळच्या हिशेबाने ते १६७७ मध्ये पडतं, म्हणून छापताना १६७७/८ असं दुहेरी लिहितात. तिरक्या रेघेमागचा आकडा गाळला की वेढा एक वर्ष मागे जातो आणि महाराज दक्षिण दिग्विजयाला निघाल्यावर लगेच बेलवडीत असल्याचं दिसतं. शेणवीचं पत्र ४ एप्रिलचं, २५ मार्चच्या पुढचं, त्यामुळे त्याच्या वर्षात घोळ नाही.

संपगावकर
निपाणी_नाका यांनी दिलेली तारीख जंत्री न उघडताही ताडून बघता येते. राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६, म्हणजे ६ जून १६७४, हीसुद्धा ज्युलियन. माघ वद्य १४ पासून वैशाख वद्य १४ पर्यंत तीन चांद्र महिने, प्रत्येकी साधारण साडेएकोणतीस दिवस, मिळून ८८ किंवा ८९. पुढे ज्येष्ठ शुद्ध १३ पर्यंत १४ तिथी. एकूण १०२ च्या आसपास. आता तारखांनी मोजा : २४ फेब्रुवारी ते २४ मार्च २८, २४ एप्रिलपर्यंत ५९, २४ मेपर्यंत ८९, ६ जूनपर्यंत १०२. जुळलं. मध्ये अधिक महिना पडला असता तर हिशेब २९-३० दिवसांनी हुकला असता. एक घटना पक्की असली की दुसरी अशी बांधून घेता येते.

शके १५९५ अधिक ७८ म्हणजे १६७३ होतं, मग १६७४ कसं, असं कुणीतरी विचारणारच. शक चैत्रात बदलतो. पौषाच्या मध्यापासून फाल्गुनाच्या शेवटापर्यंत ७९ मिळवायचे.

खानापुरी_पोरगा
राज्याभिषेक काही ठिकाणी शुद्ध १२ लिहिलेला असतो, शुक्रवार. काही ठिकाणी १३, शनिवार. त्यातलं कुठलं खरं?

संपगावकर
दोन्ही. शकावलीत शुद्ध १२ शुक्रवार आहे, आणि रात्र तीन घटका उरली असता महाराज सिंहासनी बसले असंही आहे. आपला वार सूर्योदयाला बदलतो, इंग्रजी तारीख मध्यरात्रीला. तीन घटका म्हणजे ७२ मिनिटं. पहाटेची ती वेळ आपल्याकडे अजून शुक्रवारात आणि इंग्रजीत शनिवारात. पहाटेच्या छाप्यांची तारीख लावताना हा फरक हमखास आडवा येतो.

दूधगंगा
मोडी कागदावर शुहूर सन असतो, त्याचंही सांगा. बरेच जण तिथेच अडतात.

मोडीमित्र
सांगतो. शुहूर सन म्हणजे मोडी कागदांवरची जुनी कालगणना, ती मृग नक्षत्र लागलं की बदलते. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. आकडा बहुधा अरबी शब्दांत असतो, एकं आधी, मग दहं, मग हजार. नेसरीच्या दिवशी लिहिलेल्या कागदावर 'अर्बा सबैन व अलफ' हवं : चार, सत्तर, हजार, म्हणजे १०७४. त्यात ६०० मिळवले की १६७४. राज्याभिषेकाच्या दिवशी मृग लागून गेलेला होता, म्हणून तिथे 'खमस सबैन व अलफ', १०७५ अधिक ५९९, परत १६७४. नेसरीचं म्हणून कुणी कागद दाखवला आणि त्यावर 'खमस' असलं तर तिथेच थांबायचं.

दिवसासाठी 'छ' असतो, म्हणजे चंद्र, त्यापुढे मुसलमानी महिन्याची तारीख. अमावास्येनंतर चंद्रकोर दिसली की छ १, म्हणजे बहुधा शुद्ध द्वितीया. वद्य १४ ला छ २७ किंवा २८ येतो. नेसरीसाठी महिना जिल्काद. तिथी आणि छ यांत दोनपेक्षा जास्त दिवसांची तफावत निघाली तर आधी आपलंच वाचन तपासा. 'छ ७' आणि 'छ २७' मधला २ घडीत फाटलेला किंवा पुसलेला असू शकतो.

आणि कागदाच्या माथ्यावर 'पो।' दिसलं तर ते पैवस्त, कागद पोचल्याची नोंद. त्याला लिहिल्याची तारीख समजलं की घटना तितकी पुढे सरकते.

घटप्रभा
वाचताना नेमकं चुकतं कुठे? शब्द तोडण्यात?

मोडीमित्र
सगळ्यात जास्त तिथेच. मोडीत आधी आख्खी रेघ मारून घेतात आणि बोरू फारसा न उचलता ओळ लिहीत जातात. दोन शब्दांमध्ये जागा नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, विरामचिन्हं नसतात. म्हणून लिप्यंतर करताना :

कागदाची ओळ तिथे तुमची ओळ, डावीकडे क्रमांक. ओळ मोडून पुढच्या ओळीत घुसवायची नाही. लेखन जसंच्या तसं, शुद्धलेखन सुधारायचं नाही. शंका असलेलं अक्षर चौकोनी कंसात, फाटलेल्या जागी टिंबं, आणि टिंबं साधारण जितकी अक्षरं मावतील तितकीच. पहिल्या फेरीत अर्थ लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी, शक्यतो दुसऱ्या माणसाने, पहिल्याचं न बघता वाचायचं आणि मग दोन्ही शेजारी ठेवायचे. विशेषनामं सर्वांत शेवटी, कारण गावाचं नाव अंदाजाने आधी लावलं की आख्खा कागद त्या गावाकडे ओढला जातो.

फोटो काढायचा तर दिवा एका बाजूने आडवा धरा, कागदावर खिळ्यासारखा सरळ नको. आडव्या उजेडात घड्या आणि कागदाचा उंचसखलपणा उठून दिसतो. घरातल्या जुन्या कागदाला लॅमिनेशन करू नका. उष्णतेने कागद करपतो आणि ते प्लास्टिक नंतर सुटत नाही.

शहापूरकर_आक्का
लॅमिनेशनचं मोठ्या अक्षरांत लिहा हो. देव्हाऱ्यातल्या सनदा लोक प्रेमाने लॅमिनेट करून आणतात.

संपगावकर
इंग्रजी कागदांचीही एक गोष्ट. सूचीत 'शिवाजी' शोधून थांबू नका. तिथे तो 'सेवागी' असतो, रायगड 'रायरी' असतो, खानाचं 'कॉन' झालेलं असतं. कारकुनाने कानाने ऐकून लिहिलंय, तेव्हा मोठ्याने वाचा, डोळ्यांपेक्षा कान लवकर ओळखतो.

याच शेणवीच्या पत्राचा पुढचा भाग आमच्या गावाशी जोडतात, तोही सांगून टाकतो. प्रतापरावांनंतर आनंदराव फौज घेऊन कानडी मुलखात उतरले आणि त्यांनी बहलोलखानाच्या जहागिरीतली पेठ लुटली. पुष्कळ लिखाणात ती पेठ संपगावची म्हणतात. पत्रात मात्र गावाचं नाव 'पेंच' असं काहीसं उतरलंय, आणि ते बंकापूरपासून वीस-पंचवीस मैलांवर. संपगाव ते बंकापूर शंभर किलोमीटरहून जास्त आहे. माझ्या गावाचं नाव इतिहासात यावं असं मला मनापासून वाटतं, पण हे अंतर बसत नाही. 'पेठ'चं 'पेंच' झालं असेल आणि पुढचं नाव गळालं असेल, हा माझा तर्क आहे. तर्क म्हणूनच वाचा.

निपाणी_नाका
संपगावकर अण्णा, पटलं. अंतर हा उत्तम साक्षीदार असतो. नेसरीच्या खिंडीलाही तोच निकष लावा. पत्रात दोन टेकड्या आणि अरुंद वाट आहे. सर्व्हे ऑफ इंडियाचा १ : ५०,००० चा नकाशा घ्या आणि समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) जिथे दोन्ही बाजूंनी जवळ येतात त्या जागांवर खुणा करा. एकाहून जास्त जागा निघतील. त्यातली कुठली, हे पत्र सांगत नाही. स्मारकाची जागा परंपरेची आहे, तिचा मान त्या नात्याने.

खानापुरी_पोरगा
थोडं विषयांतर करतो. पानिपतसारखी लढाई जास्त सोपी ना? तिथे कागदांचा ढीग आहे. पेशवे दफ्तराचेच ४५ खंड छापलेत.

मोडीमित्र
ढीग असला की निवडायचं काम वाढतं. पानिपतात पत्रं लढाईच्या आदल्या दिवसांपर्यंत भरपूर, आणि १४ जानेवारी १७६१ च्या दिवसाबद्दल आतून लिहिणारे मोजके. सगळ्यांना हवा असतो तो काशीराज पंडित. तो शुजाउद्दौल्याच्या पदरी होता, लढाई पाहिली, पण फार्सीत लिहिलं १७८० मध्ये, १९ वर्षांनी.

त्याचा एक आकडा उलगडून बघा. अब्दालीकडचं घोडदळ ४१,८००. इतका नेमका आकडा वाचला की वाटतं हजेरीपट उघडून बसलाय. बेरीज मांडा : शहाचे २४ दस्ते (घोडदळाच्या तुकड्या), प्रत्येकी १,२०० धरून २८,८००. नजीबाचे ६,०००, हाफिज रहमत आणि दुंदेखानाचे ४,०००, शुजाचे २,०००, बंगशाचे १,०००, मिळून १३,०००. झाले ४१,८००. तो शेवटचा ८०० आला गुणाकारातून. दस्त्यात भरतीचे १,२०० असायला हवे होते म्हणून तो धरतो. आजारी, मेलेले, दाणावैरणीला गेलेले त्यातून वजा नाहीत. काशीराज खोटं बोलत नाही, तो दस्ते मोजतोय. तेव्हा '४१,८०० स्वार लढले' असं लिहायचं नाही, '२४ दस्ते आणि मित्रांच्या फौजा होत्या' असं लिहायचं.

बखरीच्या भाषेलाही हेच. रक्ताचे पूर, रक्ताच्या नद्या हे शब्द सभासद एकाहून जास्त लढायांना वापरतो. ती त्या काळच्या लेखनाची रीत. त्यावरून मेलेल्यांचा अंदाज बांधू नये.

दूधगंगा
पानिपताचे उत्तरेकडचे कागद वाचताना महिना सांभाळा. तिकडे पौर्णिमेला महिना संपतो, आपल्याकडे आणि कानडीत अमावास्येला. शुद्ध पक्षात फरक पडत नाही, वद्य पक्षात त्यांचा महिना एक पुढे असतो. आपली माघ वद्य १४ ती त्यांची फाल्गुन वद्य १४.

घटप्रभा
मी अजून नावांवर आहे, माफ करा. कागदात नाही म्हणून ती माणसं नव्हती असं कसं म्हणता येईल? सहा जण गेले तर त्यांना आईबापांनी नावं ठेवलीच असतील. गावागावांत घराणी ती सांगतात. फलकावरून ती काढली तर लोक दुखावतील, आणि मला वाटतं त्यांचं दुखावणं योग्यच असेल.

मोडीमित्र
घटप्रभा ताई, तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि मी उत्तर घाईत संपवलं होतं. नावं खोटी आहेत असं कागद सांगत नाहीत, ते गप्प आहेत. म्हणून नावं काढू नका, वेगळी ठेवा. मुख्य मजकुरात '६ स्वार'. खाली वेगळ्या चौकटीत 'परंपरेने सांगितली जाणारी नावं' असा मथळा, आणि जिथे ती वेगवेगळी सांगतात तिथे दोन्ही पाठ. कुणाच्या घरी इनामाचा किंवा वतनाचा कागद असला आणि त्यात 'नेसरीवर कामास आले' अशा अर्थाचं काही असलं, तर त्याची नक्कल पुराभिलेखागारात नेऊन दाखवा. १९५६ पर्यंत आपला बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात, पुढे मुंबई राज्यात होता, त्यामुळे इनामांचे जुने कागद नुसते बेंगळुरूकडे शोधून भागत नाही. पुण्याचं पेशवे दफ्तर आणि धारवाडही बघावं लागतं. गडहिंग्लज बाजूचे असतील तर कोल्हापूर.

घटप्रभा
हे मान्य. चौकट असू दे.

टिळकवाडी_वाचक
सगळ्यांचे आभार. महाराजांच्या पत्राचं राहिलं. ते अवतरणचिन्हांत घालू का?

निपाणी_नाका
नको. उमराणीला एप्रिल १६७३ मध्ये बहलोलखान कोंडीत सापडला होता आणि प्रतापरावांनी त्याला जाऊ दिलं. त्यावर महाराज रागावले, हे सभासद सांगतो आणि शेणवीच्या पत्रातही प्रतापरावांना दिलेल्या बोलाची खूण आहे. दोन वेगळ्या हातांचे कागद एकच गोष्ट सांगतात, म्हणून राग पक्का धरा. शब्द मात्र सभासदाचे : 'सला काय निमित्य केला?', म्हणजे तह कशासाठी केला? तेव्हा 'सभासद लिहितो' असं आधी यायला हवं. महाराजांच्या तोंडचं वाक्य म्हणून मोठ्या टायपात नको.

टिळकवाडी_वाचक
मग असा मजकूर केलाय. बघा.

'माघ वद्य १४, शके १५९५, महाशिवरात्र (२४ फेब्रुवारी १६७४, जुनी पद्धत). सरनोबत प्रतापराव गुजर विजापूरच्या बहलोलखानाशी लढताना पडले. लढाईनंतर ३९ दिवसांनी लिहिलेल्या नारायण शेणवीच्या पत्रानुसार दोन टेकड्यांमधल्या अरुंद वाटेत त्यांच्याबरोबर आणखी ६ स्वार मारले गेले. त्याआधी उमराणीला खानाला जाऊ दिल्याबद्दल महाराजांनी "सला काय निमित्य केला?" असं विचारल्याचं सभासद लिहितो. १०२ दिवसांनी रायगडावर राज्याभिषेक झाला.'

खाली परंपरेतल्या नावांची चौकट. शेजारी हाच मजकूर कन्नडमध्ये.

संपगावकर
छान झालंय. कन्नडमध्ये तिथी लिहिताना संवत्सरही घाला, 'प्रमादी' दोन्ही भाषांत एकच आहे. आणि 'जुनी पद्धत' एवढ्याने लोकांना कळणार नाही. कंसात '(आजच्या पद्धतीने ६ मार्च)' असं लिहा.

टिळकवाडी_वाचक
घातलं दोन्ही. उद्या छपाईला देतो. त्याआधी मुद्रित कुणी एकदा नजरेखालून घालेल का? मोडीमित्र म्हणतात तसं, माझं न बघता वाचणारा माणूस हवा.

शहापूरकर_आक्का
पाठवा मला. आकडे मी बघते, कानडी संपगावकर अण्णा बघतील.